गोळीचा कठीणपणा आणि शिकारग्रंथांचे वाचन : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना

मध्य प्रांतातील जंगलांविषयीचे इंग्रजी शिकारग्रंथ आणि त्यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी बहरलेले मराठी अरण्यलेखन यांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने तीन अंगांनी होतो : निसर्गवर्णन, वसाहतवादी दृष्टी आणि आदिवासी जीवनाचे चित्रण. ही तिन्ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु जिच्यावाचून शिकारकथा ही कथाच होऊ शकत नाही ती वस्तू, म्हणजे बंदुकीची गोळी, समीक्षेच्या नजरेतून बहुधा सुटते. गोळी सुटली, जनावर पडले, एवढ्यावर वाचक थांबतो. ती गोळी कशाची होती, मऊ होती की कठीण, ती अंगात थांबली की आरपार गेली, हे प्रश्न तांत्रिक समजून बाजूला ठेवले जातात.

हे प्रश्न तांत्रिक आहेत तसेच ते साहित्याचे आणि नीतीचेही आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. एकोणिसाव्या शतकातील शिकारलेखक स्वतःच्या सभ्यतेचा जो दावा करतो, त्याचा मोठा भाग शिशात किती कथील मिसळावे या प्रश्नावर उभा आहे. तो दावा तपासावयाचा तर धातूची किमान ओळख हवी. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत, जेथे ठासणीची बंदूक अलीकडेपर्यंत घरात होती आणि बंदुकीच्या गोळीला केवळ शिकारीचा संदर्भ उरलेला नाही, तेथे अध्यापन करणाऱ्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही.

धातूचे वास्तव

शुद्ध शिसे हा अत्यंत मऊ धातू आहे. नखाने त्यावर ओरखडा उठतो. ३२७ अंश सेल्सिअसच्या सुमारास ते वितळते, म्हणजे साध्या चुलीवर लोखंडी पळीत ते पातळ होते आणि साच्यात ओतता येते. बंदुकीच्या गोळीसाठी शिसे निवडले गेले ते त्याच्या वजनामुळे आणि या सुलभतेमुळे. परंतु हाच मऊपणा पुढे अडचणीचा ठरला. गोळीला फिरकी मिळावी म्हणून नळीच्या आत चक्राकार आटे पाडण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा गोळीने त्या आट्यांत घट्ट बसून फिरणे आवश्यक झाले. दारूचा जोर जास्त आणि शिसे फार मऊ असेल, तर गोळी आट्यांची पकड सोडून सरळ घसरत जाते. तिची फिरकी जाते आणि नेमही जातो.

यावर उपाय म्हणून शिशात कथील किंवा अँटिमनी मिसळले जाते. धातूचा कठीणपणा मोजण्याची जी पद्धत आज सर्वमान्य आहे, ती स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी १९०० मध्ये पुढे आणली. ठरावीक आकाराची कठीण गुंडी ठरावीक भाराने धातूवर दाबावयाची आणि उमटलेल्या खळग्यावरून अंक काढावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. या मोजमापात शुद्ध शिसे सुमारे ५ ठरते. वीस भाग शिशात एक भाग कथील घातले तर अंक ९ ते १० च्या आसपास जातो. आणि छापखान्यातील लायनोटाइपचा धातू, ज्यात सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथील असते, तो २२ च्या घरात पोहोचतो. ज्या धातूच्या खिळ्यांनी मराठी मजकूर शतकाहून अधिक काळ जुळवला गेला, तो धातू आणि कठीण गोळीचा धातू हे एकाच कुळातील आहेत. खिळ्याला जसा छपाईचा दाब सोसावा लागतो, तसा गोळीला दारूचा.

यावरून जितकी कठीण तितकी चांगली असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. रिव्हॉल्व्हरसारख्या हातातील शस्त्रात हे विशेष स्पष्ट होते. गोळीमागील वायूच्या दाबाने गोळीचा तळ किंचित फुगून नळीला चिकटला पाहिजे, म्हणजे वायू बाजूने निसटत नाही. गोळी त्या दाबाच्या मानाने फार कठीण असेल तर तळ फुगत नाही. तापलेला वायू कडेने निसटून गोळीची बाजू वितळवतो आणि नळीत शिशाचा थर बसतो. ओतीव गोळ्यांच्या जाणकारांत एक स्थूल हिशेब प्रचलित आहे : ब्रिनेल अंकाला १,४२० ने गुणले की साधारणपणे तो धातू किती दाबाला अशी साथ देईल ते कळते. ०.३८ स्पेशल या जुन्या रिव्हॉल्व्हर काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचास १७,००० पौंड आहे. म्हणजे त्याला १२ च्या आसपासचा मध्यम कठीण धातू पुरतो. १९५५ साली बाजारात आलेल्या ०.४४ मॅग्नमचा दाब ३६,००० पौंड. तेथे हिशेब २५ पर्यंत जातो. हा हिशेब ढोबळ आहे. गोळीचा व्यास नळीला नेमका जुळणे हे कठीणपणाहूनही महत्त्वाचे असते. परंतु मुख्य मुद्दा यातून लक्षात यावा : कठीणपणा हा स्वतंत्र गुण नाही, तो दाबाच्या आणि लक्ष्याच्या संदर्भातच गुण किंवा दोष ठरतो.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. कथील घालून आलेला कठीणपणा आणि अँटिमनी घालून आलेला कठीणपणा एकसारखे वागत नाहीत. कथलाच्या मिश्रणात चिवटपणा राहतो. अशी गोळी आदळल्यावर पसरते पण सहसा फुटत नाही. अँटिमनी फार झाले की मिश्रण ठिसूळ होते. हाडावर आदळल्यावर तिचे तुकडे होऊ शकतात. मऊ, चिवट, कठीण, ठिसूळ हे चारही शब्द मराठीत शेतातून व स्वयंपाकघरातून आलेले, रोजच्या वापरातले आहेत. या विषयाची चर्चा मराठीत होत नाही याचे कारण शब्दांची उणीव हे नव्हे.

फोर्सिथ : मऊ शिसे आणि सभ्य शिकारी

कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी लेखकाचे निधन झाले. सातपुड्याची जंगले, तेथील गोंड व इतर जमाती, वन्य प्राणी आणि शिकार असा त्याचा विस्तार आहे. चांदा जिल्हा त्याच्या केंद्रस्थानी नाही. परंतु १८६१ मध्ये स्थापन झालेल्या ज्या मध्य प्रांताची प्रतिमा या ग्रंथाने घडवली, त्याचाच चांदा हा भाग होता, आणि पुढच्या पिढ्यांतील अधिकारी-शिकाऱ्यांनी तीच प्रतिमा बरोबर घेऊन या जंगलांत पाऊल ठेवले.

या फोर्सिथचा दुसरा ग्रंथ साहित्याच्या अभ्यासकांकडून सहसा वाचला जात नाही. तो शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या याविषयीचा आहे आणि मध्य भारतावरील ग्रंथाच्या आधीचा आहे. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा : सैन्याची रायफल लांब पल्ल्यासाठी बनवलेली असते, म्हणून तिच्या नळीतील आटे जलद वळणाचे असतात. शिकाऱ्याला जंगलात दीडशे पावलांच्या आतच नेम धरावा लागतो. त्याला हवी असते मोठ्या व्यासाची गोल गोळी, भरपूर दारू आणि सपाट मार्ग. परंतु जलद आटे आणि भरपूर दारू एकत्र आले की मऊ गोळी पकड सोडते. म्हणून आटे अगदी संथ वळणाचे ठेवावेत.

येथे समीक्षकाने थांबून विचार करावा. फोर्सिथपुढे दोन मार्ग होते. गोळी कठीण करावी, किंवा नळी मऊ गोळीच्या स्वभावाप्रमाणे बदलावी. त्याने मुख्यतः दुसरा मार्ग स्वीकारला, कारण मोठ्या व्यासाच्या शिशाच्या गोळीचा धक्का त्याला गमवावयाचा नव्हता. जनावर जागीच पडले पाहिजे, जखमी होऊन झाडीत जाता कामा नये, हा त्यामागील आग्रह. हा आग्रह व्यावहारिक आहे, कारण जखमी वाघ हाकाऱ्याच्या माणसांचा जीव घेतो. तो नैतिकही आहे, कारण चटकन मरण देणे हे सभ्य शिकाऱ्याचे लक्षण मानले गेले. मध्य भारतावरील ग्रंथात निवेदकाचा जो आत्मविश्वास, जो संयम आणि देशी शिकाऱ्याविषयी जी नापसंती दिसते, तिचे मूळ असे लोहाराच्या ऐरणीपर्यंत जाते. पाणवठ्यावर लपून, मिळेल त्या बंदुकीने मारणारा देशी शिकारी त्याला असंस्कृत वाटतो. पण त्या दोघांतील अंतर स्वभावाचे जितके आहे तितकेच ते साधनाचे आहे. एकाजवळ खास बनवून घेतलेली नळी आहे. दुसऱ्याजवळ तोड्याची बंदूक, आणि तिच्यात घालावयास जे शिसे किंवा लोखंड हाती येईल ते. ग्रंथ हे अंतर चारित्र्याचे म्हणून मांडतो. वाचकाने ते साधनाचेही म्हणून वाचले पाहिजे.

बेकर आणि कठीणपणाचा वाद

गोळी कठीण करण्याचा मार्ग इतरांनी स्वीकारला. दक्षिण आफ्रिकेत शिकार करणाऱ्या रोलीन गॉर्डन कमिंगने जाड कातडीच्या जनावरांसाठी शिशात कथिली मिश्रधातू मिसळताना आपल्या प्रवासी संसारातील भांडी वितळवल्याची हकिकत १८५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात येते. चहाची भांडी हत्तीच्या अंगात जाण्याचा हा प्रसंग आजच्या वाचकाला विनोदी वाटेल. त्या काळच्या वाचकाला तो साधनसंपन्नतेचा पुरावा वाटला असावा.

सर सॅम्युअल बेकर यांच्या १८९० च्या ग्रंथात हा वाद पूर्ण आकार घेतो. त्या काळी पोकळ टोकाची, हलकी व वेगवान ‘एक्सप्रेस’ गोळी लोकप्रिय झाली होती. बेकर यांचा तिला विरोध होता. हाडावर आदळताच तिचे तुकडे होतात आणि ती खोल जात नाही, अशी त्यांची तक्रार. वाघासारख्या मऊ कातडीच्या जनावरासाठी भरीव, शुद्ध शिशाची जड गोळी हवी; ती अंगात पसरून तेथेच थांबते आणि सारा धक्का जनावराला देते. गवा, रानम्हैस, हत्ती यांच्यासाठी मात्र मिश्रधातूची कठीण गोळी हवी, जी हाड भेदून आत जाईल. म्हणजे एकाच शिकाऱ्याच्या पिशवीत दोन प्रकारच्या गोळ्या, आणि समोरच्या प्राण्याप्रमाणे निवड.

साहित्यदृष्ट्या याचा परिणाम असा की, गोळीची निवड ही प्राण्याच्या शरीराची एक प्रकारची व्याख्या बनते. वाघ म्हणजे मऊ शिसे, गवा म्हणजे कठीण शिसे. प्राण्याचे वर्णन त्याच्या रंगरूपापासून सुरू होते आणि त्याच्या भेद्यतेपाशी संपते. याउलट मध्य प्रांतातील वनाधिकारी ए. ए. डनबार ब्रँडर यांचा १९२३ चा ‘वाइल्ड अॅनिमल्स इन सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ पाहावा. तेथे लेखकाचे मुख्य कुतूहल प्राण्याच्या वर्तनाचे आहे. या बदलामागे लेखकाची संवेदनशीलता आहेच. पण आणखी एक कारणही विचारात घ्यावे लागते. १८८० नंतरच्या दशकांत धूररहित दारू आणि तांब्याच्या मिश्रधातूचे वेष्टन असलेली गोळी आली. वेष्टनामुळे शिशाच्या कठीणपणाचा प्रश्न रायफलच्या जगातून मागे पडला. काडतूस कारखान्यातून तयार येऊ लागले. शिकारी स्वतः गोळी ओतेनासा झाला, तेव्हा धातूविषयीचे लेखनही आटले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत प्राणी स्वतःच्या हक्काने येऊ शकला. हा कार्यकारणभाव सर्वस्वी सिद्ध करता येणार नाही. परंतु ग्रंथांच्या क्रमाकडे पाहता तो नजरेआड करणेही योग्य नाही.

हातातील शस्त्र आणि हेगचा जाहीरनामा

उघड्या शिशाची गोळी पुढेही टिकली ती मुख्यतः पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांत, कारण त्यांचा वेग व दाब कमी. हत्तीवरील हौद्यातून शिकार करताना वाघ अंगावर झेपावला तर वापरावयाचे, दोन नळ्यांचे व मोठ्या व्यासाचे ‘हौदा पिस्तूल’ हे या परंपरेचे हिंदुस्थानाशी जोडलेले रूप. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले; त्याची गोळीही प्रथम शिशाचीच होती.

येथे एक विलक्षण विसंगती समोर येते. १८९९ च्या हेग परिषदेने एका जाहीरनाम्याद्वारे मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध मानला. त्या गोळ्यांना कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यामुळे ‘डमडम’ हे नाव मिळाले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरच्या ०.३८ च्या शिशाच्या गोळीऐवजी वेष्टन असलेली गोळी आली, तीही याच शंकेपोटी. म्हणजे युद्धात मऊ गोळी अमानुष ठरली, कारण ती पसरते. आणि शिकारीत कठीण गोळी क्रूर ठरली, कारण ती पसरत नाही व जनावर जखमी होऊन पळते. दोन्ही विधाने दयेच्या नावाने केली जातात. शत्रूचा सैनिक जखमी होऊन जगावा ही युद्धातील दया. प्राण्याने लगेच मरावे ही शिकारीतील दया. धातूचा ब्रिनेल अंक तोच, पण समोर कोण आहे यावर त्याचे नैतिक मूल्य उलटे होते. शिकारग्रंथांतील करुणेची चर्चा करताना ही विसंगती वर्गात मांडता आली, तर विद्यार्थ्यांना ‘दृष्टिकोन’ या संज्ञेचा अर्थ कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट होईल.

ठासणीची बंदूक आणि मराठी अरण्यलेखन

१८७८ च्या शस्त्र कायद्याने देशी लोकांच्या शस्त्रांवर परवान्याचे बंधन आले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यानुसार शस्त्र वा दारूगोळा परवान्याशिवाय बनवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. ताडोब्यात तर १९३५ पासूनच शिकार बंद झाली होती आणि १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. तरीही या पट्ट्यात ठासणीची बंदूक टिकून राहिली. स्थानिक बोलीत तिला ‘भरमार’ म्हणतात. गावातील लोहार तिची दुरुस्ती करी. नळीच्या तोंडाने दारू, मग बोळा, मग शिशाचे तुकडे किंवा लोखंडाचे कण ठासले जात. गडचिरोली जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत अशा बंदुका गावकऱ्यांनी पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. याच जिल्ह्यात १९८० पासून सशस्त्र संघर्ष सुरू होता, आणि त्यातही भरमार बंदूक दिसत राहिली. जिल्ह्याशेजारी, भद्रावतीजवळ, तोफगोळे भरणारा आयुध निर्माणी कारखाना आहे. एकाच वनप्रदेशात दारूगोळ्याची दोन टोके अशी शेजारी नांदली.

या पार्श्वभूमीवर मराठी अरण्यलेखनाकडे पाहिले तर काय दिसते? व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’, मारुती चितमपल्ली यांचे ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ आणि पक्षिकोशासारखे कोश, तसेच हेमलकशाच्या अनुभवातून आलेले विलास मनोहर यांचे ‘नेगल’ ही या परंपरेतील ठळक नावे. माडगूळकर स्वतः शिकारी होते आणि पुढे बंदूक ठेवून पाहणारे झाले. चितमपल्ली वनाधिकारी, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ‘नेगल’मध्ये शिकारीमुळे पोरकी झालेली पिल्ले माणसांच्या घरात वाढतात, म्हणजे गोळी वा बाण लागल्यानंतरचे जे जग शिकारकथेत कधीच येत नाही, तेथून त्याची कथा सुरू होते.

या लेखनात शस्त्राचा धातू मध्यवर्ती नाही. ही उणीव मानावयाची की मूल्य? एक उत्तर असे की हे मूल्य आहे. बेकर यांच्या ग्रंथात प्राणी भेद्यतेने ओळखला जात होता. मराठी लेखकांनी त्याला त्याच्या नावाने, आवाजाने, सवयीने ओळखले. चितमपल्लींनी माडिया-गोंड बोलींतून प्राण्यापक्ष्यांची नावे वेचली, तेव्हा नेम धरणाऱ्या डोळ्याची जागा ऐकणाऱ्या कानाने घेतली. हे साहित्यिक यश मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या यशाची एक किंमतही आहे. मारणाऱ्या साधनाचा तपशील गेला, की त्यासोबत मारणाऱ्याची परिस्थितीही धूसर होते. स्थानिक शिकारी मग एक तर निरागस वनपुत्र होतो किंवा निर्दय चोरटा. फोर्सिथने साधनातील अंतर चारित्र्यावर ढकलले होते. साधनच न दाखवणारे लेखन नकळत तोच निर्णय कायम ठेवण्याचा धोका पत्करते. तोड्याच्या वा ठासणीच्या बंदुकीत मोजून कथील घातलेली गोळी नसते. तिची गोळी कमी वेगाची, वेडीवाकडी, नळीहून सैल असते. ती जनावर जखमी करते आणि सोडते. यात क्रौर्य आहे, पण ते गरिबीचे व बंदीचे क्रौर्य आहे. हे कळण्यासाठी लेखकाने गोळी हातात घेऊन पाहिली पाहिजे.

‘गोळी’ हा आपला शब्दही येथे लक्षणीय आहे. गोल आकारावरून तो आला आणि १८४९ च्या मिनिए गोळीने आकार लांबट, टोकदार केल्यावरही तो बदलला नाही. औषधाची, खेळण्यातली आणि बंदुकीची अशा सर्व गोळ्या एकाच शब्दात मावतात. बातमीत ‘गोळीबारात ठार’ असे येते तेव्हा या शब्दाच्या गुळगुळीतपणामुळे शरीरावर काय घडले ते वाचकापर्यंत पोहोचत नाही. मागे राहिलेली गोळी चपटी झाली आहे की अखंड आहे, तिच्यावर आट्यांच्या खुणा आहेत की नाहीत, यावरून न्यायवैद्यक तज्ज्ञ शस्त्राचा प्रकार ओळखतो. ठासणीच्या गुळगुळीत नळीतून आलेल्या शिशावर आट्यांची खूण नसते. जे न्यायालयात पुरावा ठरते, ते साहित्यात निदान तपशील म्हणून यावयास हवे.

मागे राहणारे शिसे

धातूचा विचार करण्याचे आणखी एक कारण पर्यावरणाचे आहे. शिसे विषारी आहे आणि ते जनावराच्या मरणाबरोबर संपत नाही. मांसात राहिलेले बारीक कण खाणाऱ्याच्या शरीरात जातात, मग तो माणूस असो वा गिधाड. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ मध्ये देशव्यापी बंदी आली. कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात शिशामुळे होत असल्याने त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने पाणथळ प्रदेशांत शिशाचे छर्रे २०२३ पासून बंद केले.

गडचिरोलीतील गिधाडांच्या ऱ्हासाचा दोष शिशावर टाकणे अयोग्य होईल. भारतातील गिधाडे मुख्यतः जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे मेली, आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. शिवाय या पट्ट्यातील आजची चोरटी शिकार बंदुकीपेक्षा फास, लोखंडी सापळे व विजेच्या तारा यांनी अधिक होते. परंतु शिसे किती कण मागे ठेवते हा प्रश्न पुन्हा मिश्रणापाशी येतो. चिवट मिश्रण एकसंध राहते, ठिसूळ मिश्रण विखुरते. ज्या गुणाची चर्चा फोर्सिथ-बेकर यांनी जनावर पाडण्याच्या दृष्टीने केली, तोच गुण आज अन्नसाखळीच्या दृष्टीने वाचावा लागतो. जुना ग्रंथ नव्या प्रश्नाला उत्तर देतो तो असा, लेखकाच्या इच्छेविरुद्ध.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी हाती लागतात. पहिली, शिकारग्रंथांतील गोळीच्या कठीणपणाची चर्चा ही निवेदकाच्या सभ्यतेच्या दाव्याचा आधार आहे. ती वगळून केलेले वाचन अपुरे राहते. दुसरी, मऊ व कठीण यांचे नैतिक मूल्य स्थिर नाही. युद्ध व शिकार यांत ते परस्परविरुद्ध होते, आणि म्हणून ‘मानवी’ वा ‘क्रूर’ ही विशेषणे धातूला नव्हे, संबंधाला लागू पडतात. तिसरी, मराठी अरण्यलेखनाने शस्त्राकडून प्राण्याकडे नजर वळवली हे त्याचे सामर्थ्य. पण साधनाच्या मौनामुळे स्थानिक शिकाऱ्याची परिस्थिती अलिखित राहिली, ही त्याची मर्यादा.

या मर्यादेवर काम करण्यास फार वेळ उरलेला नाही. ज्या पिढीने पळीत शिसे वितळवून साच्यात ओतले, ती आता वृद्ध झाली आहे. जमा झालेल्या बंदुका नियमाप्रमाणे नष्ट होतात. त्यांच्याबरोबरचे साचे, दारूची शिंगे आणि त्या क्रियांचे माडिया-गोंडी शब्दही नाहीसे होतात. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांत मराठी, रसायनशास्त्र, इतिहास व प्राणिशास्त्र हे विभाग एकाच इमारतीत असतात. जमा झालेल्या एखाद्या जुन्या गोळीचे मिश्रण रसायनशास्त्राच्या विभागाने रीतसर परवानगीने तपासावे आणि ती ओतणाऱ्याचे शब्द मराठीच्या विभागाने लिहून घ्यावेत, तर फोर्सिथच्या ग्रंथात ज्याला उत्तर देण्याची संधी मिळाली नाही त्या देशी शिकाऱ्याची बाजू, धातूच्या अंकांसह, प्रथमच नोंदली जाईल. ती नोंद त्याचे समर्थन करील असे नाही. पण त्याच्याविषयी निकाल देण्यापूर्वी ती उपलब्ध असणे आवश्यक आहे.